अर्धशिशी, दाह आणि आपलं ताट



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, की गप्पा सुरू होतात. त्या गप्पांत डोकं दुखण्याचा विषय हमखास निघतो. कुणाचं उन्हातून आल्यावर ठणकतं, कुणाचं पाळीच्या आधी, कुणाचं उपवासाच्या दिवशी. हल्ली या गप्पांत एक नवा शब्द ऐकू येतो, 'दाहविरोधी आहार'. अमुक खा, तमुक सोडा, अंगातला दाह कमी होईल आणि डोकेदुखी पळेल, असं मोबाईलवर कुणीतरी सांगत असतं. एक जण हळद सांगतो, दुसरा जवस सांगतो, तिसरा तेलच बंद करा म्हणतो.

मी डॉक्टर नाही. माझी पदवी इतिहासाची, आणि काम बचत गटांचं. पण एखादी गोष्ट खरी किती आणि ऐकीव किती, हे पाहायला इतिहास कामाला येतो. ही गोष्ट आधी कुणी म्हटली? कशावरून म्हटली? पुढे ती कुणी तपासली का? एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरंच पाणी गाळून निघतं. आज आपण दाहाला, तेलाला आणि चहाला हेच तीन प्रश्न विचारू.

अर्ध्या डोक्याचं जुनं नाव

आपण 'अर्धशिशी' म्हणतो. अर्धं शीर, म्हणजे अर्धं डोकं दुखणं. डॉक्टर ज्याला मायग्रेन म्हणतात तो शब्दही मुळात हाच आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचे ग्रीक वैद्य होते. त्यांनी या दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. बोलता बोलता त्याचं मायग्रेन झालं. दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच दुखण्याला एकच नाव दिलं, यावरून हे दुखणं किती जुनं आणि किती ठरावीक आहे ते कळतं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यात 'अर्धावभेदक' आहे, आणि सूर्याबरोबर चढणारा नि सूर्याबरोबर उतरणारा 'सूर्यावर्त'ही आहे. चरकसंहितेत अर्धावभेदकाची कारणं दिली आहेत. कोरडं, रूक्ष अन्न. पहिलं जेवण पचायच्या आत पुन्हा खाणं. पूर्वेचा वारा आणि दव. लघवी-शौचाचा वेग दाबून धरणं. अंगाबाहेरचे कष्ट.

ही यादी सगळीच्या सगळी आज कुणी मानावी असं नाही. पण तिच्यातल्या दोन गोष्टी ऐकून आपल्यातल्या किती जणींना आपलाच दिवस आठवला असेल! रानात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणं, वेग दाबून अंधार पडायची वाट पाहणं, आणि पहाटे उठून रात्रीपर्यंत राबणं. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, हे आजचे डॉक्टरही सांगतात. म्हणजे डोकेदुखीच्या अन्नाचा विचार करताना पहिला पदार्थ पाणी आहे, आणि त्याचा संबंध स्वयंपाकघराशी जितका आहे तितकाच संडासाशी आहे.

दाह म्हणजे नेमकं काय?

आता 'दाह' या शब्दाकडे येऊ. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. ही चार लक्षणं पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने एकत्र लिहून ठेवली, आणि आजही ती तशीच शिकवली जातात. दाह हा मुळात शत्रू नाही. शरीराने जखमेवर धाडलेली ती मदत आहे. मदत आली, काम झालं आणि परत गेली, तर ठीक. ती घरातच मुक्काम ठोकून बसली, की त्रास.

दाह आणि अन्न यांचा धागा मात्र फार उशिरा सापडला, आणि तो सापडला एका गोळीमुळे. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने 1763 मध्ये विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप उतरतो असं लिहून कळवलं. त्या सालीतल्या द्रव्यावर पुढे शंभर-सव्वाशे वर्षं काम झालं आणि 1899 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ॲस्पिरिन बाजारात आणली. जगभर लोक ती गोळी डोकेदुखीवर घेऊ लागले. पण ती नेमकं काय करते हे सत्तर वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.

1971 मध्ये जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने ते दाखवलं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज आणि वेदना यांचा निरोप पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिन ती तयार होण्याचं कामच थांबवते. या शोधासाठी वेन यांना आणखी दोघांबरोबर 1982 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत पाहा. ही प्रोस्टाग्लँडिनं बनतात कशापासून? स्निग्धापासून, म्हणजे तेला-चरबीपासून. त्यातली काही स्निग्धं शरीराला घरी बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ही गोष्ट 1929 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांवर प्रयोग करून दाखवली होती. अशा स्निग्धांची दोन घराणी आहेत. एकाला ओमेगा-6 म्हणतात, दुसऱ्याला ओमेगा-3. शरीराला दोन्ही लागतात. पण दाहाचे जोरकस निरोप बरेचसे पहिल्या घराण्यातून बनतात, आणि दाह आवरणारे निरोप दुसऱ्या घराण्यातून. मग शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की गोळी जे काम करते, त्यातलं थोडं तरी ताटातून होईल का?

ताट तपासलं कुणी?

डोकेदुखी आणि अन्न यांचा शोध घेणाऱ्यांत एक बाई आहेत, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. लंडनच्या डॉ. एडा हॅनिंग्टन. 1967 मध्ये त्यांनी अर्धशिशीच्या रुग्णांविषयी लिहिलं. जुनं मुरवलेलं चीज, चॉकलेट असले पदार्थ खाल्ल्यावर ज्यांचं डोकं उठतं, अशा लोकांचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यामागे टायरामिन नावाचं द्रव्य असावं असं मांडलं. पुढच्या लोकांनी हे तपासलं, तेव्हा काहींत खरं ठरलं, काहींत नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की राहिली : एकीला जे बाधतं ते दुसरीला बाधेलच असं नाही. म्हणून 'हे दहा पदार्थ सगळ्यांनी सोडा' अशी यादी कुणी दिली, तर ती यादी देणाऱ्याने आपल्याला पाहिलेलंच नाही, एवढं लक्षात ठेवावं.

तेलाची मोठी तपासणी 2021 मध्ये छापून आली. अमेरिकेतल्या 182 जणांवर ती झाली, आणि त्यांत बहुतेक बायकाच होत्या. सगळ्यांना महिन्यातून अनेक दिवस अर्धशिशी होत असे. त्यांचे तीन गट करून 16 आठवडे तीन वेगवेगळ्या तऱ्हेचं जेवण दिलं, आणि बराचसा शिधाही पुरवला. एका गटाला नेहमीसारखं जेवण. दुसऱ्या गटाला ओमेगा-3 असलेले मासे जास्त. तिसऱ्या गटाला मासे जास्त, शिवाय मका-सोयाबीनसारख्या तेलांतलं ओमेगा-6 कमी. निकाल असा, की पहिल्या गटाच्या तुलनेत दुसऱ्या गटाचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला सुमारे 2 ने कमी झाले, तिसऱ्या गटाचे सुमारे 4 ने.

महिन्याचे चार दिवस म्हणजे काय, ते मजुरीवर जाणारीला विचारा. चार दिवसांची मजुरी म्हणजे गटाचा हप्ता. पण हेही सांगायला हवं की कुणाची डोकेदुखी मुळापासून गेली नाही, आणि रोजच्या जगण्यावर डोकेदुखीचा किती परिणाम होतो हे मोजलं तेव्हा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे अन्नाने हातभार लागतो. अन्न म्हणजे जादू नव्हे.

आपल्या तेलाची गोष्ट

हे सगळं तिकडचं झालं. आपल्या तेलाचं काय?

आपल्याकडे जसा मुलूख तसं तेल होतं. सोलापूर-मराठवाड्यात करडई, विदर्भात जवस, डोंगराळ भागात कारळे, कोकणात खोबरेल, आणि पुढे शेंगदाणा. तेली घाण्यावर काढून द्यायचा. तेल महाग, म्हणून ते पळीने नाही, थेंबाने वापरायचं. भाकरी-कालवणाच्या जेवणात तळण सणावारालाच.

जवसाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. इंग्रजांच्या काळात जवस मोठ्या प्रमाणात परदेशी जाऊ लागला. तो कुणी खायला नेला नाही. जवसाचं तेल लवकर वाळतं, म्हणून युरोपात ते रंग आणि व्हार्निशसाठी लागायचं. आपण ज्याची चटणी खायचो, त्याने तिकडे दारं-खिडक्या रंगल्या.

1937 मध्ये डालडा आला. तेलावर कारखान्यात प्रक्रिया करून ते तुपासारखं घट्ट केलेलं. गरिबाच्या घरी तुपाची हौस भागली. पण या प्रक्रियेत ट्रान्स फॅट नावाचं स्निग्ध तयार होतं आणि ते हृदयाला घातक असतं, हे पुढे 1990 च्या सुमारास स्पष्ट झालं. आपल्या देशात 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपात ते 2 टक्क्यांहून जास्त नसावं असा नियम आहे. एका चुकीच्या स्निग्धाला आवर घालायला ऐंशीहून जास्त वर्षं गेली.

1986 मध्ये सरकारने तेलबियांची मोहीम काढली. सोयाबीन, सूर्यफूल वाढलं. 1990 नंतर बाहेरचं पामतेल खुलेपणाने येऊ लागलं, आणि आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पिशवीतलं तेल स्वस्त झालं, गावातले घाणे बंद पडले, आणि तळण रोजचं झालं.

इथे 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो. पण हिशेब चोख ठेवू या. करडई आपली जुनी, तरी तिच्या तेलात ओमेगा-6 भरपूर असतं, सूर्यफुलाहूनही जास्त. शेंगदाण्यात त्याहून बरंच कमी, खोबरेलात नावापुरतं. म्हणजे आजी निरोगी होती ती करडईमुळे, असं म्हणता येत नाही. ती तेल थोडं वापरायची, आणि एकाच तेलावर नव्हती, हे मात्र म्हणता येतं.

जवसात जेवढं स्निग्ध असतं त्यातलं निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 आहे. हे खरं. पण जवसातलं ओमेगा-3 आणि माशातलं ओमेगा-3 वेगळं. जवसातल्याचं शरीर माशातल्यासारखं रूप करून घेतं, पण फार थोडं. 2021 ची ती तपासणी माशांवर होती, जवसावर नव्हती. ज्या मासे खातात, त्यांच्यासाठी बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे या बाबतीत महागड्या माशांच्या तोडीचे आहेत. ज्या खात नाहीत, त्यांच्यासाठी जवसाची चटणी चांगलीच आहे. फक्त जवस भाजून थोडाच कुटावा. कुटलेला जवस लवकर खवट होतो.

हळद आणि पाकिटावरचं वाक्य

हळदीशिवाय हा विषय पुरा होत नाही. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या करत आल्या ते काम कुणीतरी स्वतःच्या नावावर केलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या सीएसआयआर संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली, जुन्या ग्रंथांचे पुरावे दिले, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. लिहून ठेवलेल्या कागदाची किंमत काय असते, ते त्या लढाईने दाखवलं.

हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं. पण खाल्लेली हळद रक्तात फार थोडी उतरते. मिऱ्याबरोबर ती बरीच जास्त उतरते, हे 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या मसाल्यात दोन्ही एकत्र असतात, ही चांगली गोष्ट. तरी आमटीतल्या चमचाभर हळदीने अर्धशिशी थांबते, असा पुरावा नाही.

हे मी एवढं ठासून का सांगते? कारण आपले कितीतरी गट आज जवसाची चटणी, मसाले, हळद विकतात. 'पाकिटावर डोकेदुखीवर गुणकारी असं लिहू, माल जास्त खपेल' अशी सूचना बैठकीत येते. अन्नपदार्थाच्या पाकिटावर आजार बरा करतो असं लिहायला कायद्याने मनाई आहे, आणि दंडही मोठा आहे. पण दंड बाजूला ठेवा. ते वाक्य वाचून एखादी बाई दवाखान्यात जायचं टाळून चटणी खात बसली, तर? आपल्या पाकिटावर घटक लिहू, तयार केल्याची तारीख लिहू, 'ताजी भाजून कुटलेली' असं लिहू. जे खरं आहे तेवढंच विकायलाही पुरेसं आहे.

चहा, उपवास आणि उशिरा जेवणं

आता चहा. आपल्याला वाटतं चहा अनादि काळापासून आहे. पण गावोगाव चहा पोचून शंभर वर्षंही धड झाली नाहीत. 1903 मध्ये इंग्रज सरकारने चहावर कर बसवला, तो चहाचीच जाहिरात करण्यासाठी. पुढे स्टेशनवर, गिरण्यांत, बाजारात चहा करून दाखवला, पाजला, आणि सवय लावली. आज पाहुण्याला चहा नाही विचारला तर घर वाईट ठरतं.

चहातलं कॅफिन डोक्याला दोन तऱ्हांनी भिडतं. थोडं घेतलं तर दुखणं कमी करतं, म्हणून डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते घालतात. पण रोज सहा-सात कप पिणारीने एकदम बंद केला, की एका दिवसाच्या आत डोकं धरतं. म्हणून चहा कमी करायचा तर आठवड्याला एक कप असा हळूहळू. शिवाय जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अंगात रक्त कमी असलं तरी डोकं दुखतं. तिथे ओमेगा-3 शोधण्याआधी रक्त तपासायला हवं.

उपवासाचंही तसंच. 1995 मध्ये इस्रायलमधल्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी छापून आली. ज्यू लोक योम किप्पुरला दिवसभर अन्नपाणी वर्ज्य करतात. उपवास करणाऱ्यांत डोकेदुखी इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि ज्यांना एरवीही डोकेदुखी होते त्यांना ती जास्त झाली. चहा-कॉफी सुटण्याचा त्यात फारसा वाटा नव्हता. आपण उपवास सोडा असं मी म्हणत नाही, तो जिचा तिचा भाव. पण अर्धशिशी असणारीने निर्जळी करू नये. भगर, दही, फळ, पाणी वेळेवर घ्यावं. आणि ज्या साबुदाण्याला आपण उपवासाचा राजा मानतो, त्याचं कंदमूळ दक्षिण अमेरिकेतून आलेलं आहे. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले ते 1940 च्या दशकात. उपवासाचं ताट आधी बदललेलं आहे, पुढेही आपल्या सोयीने बदलता येईल.

आणि खरा उपवास तर कॅलेंडरात नसतो. सगळ्यांची पानं उठल्यावर, भांडी आवरून, दुपारी तीन वाजता उरलंसुरलं खाणं, हा बाईचा रोजचा उपवास आहे. जेवण चुकणं आणि उशिरा होणं हे अर्धशिशी उठण्याचं नेहमीचं कारण आहे. जगातला सगळा दाहविरोधी आहार दुपारी तीनला खाल्ला, तर त्याचा उपयोग किती? म्हणून ताटात काय आहे याच्या आधी ताट कधी वाढलं जातं ते पाहा. सगळ्यांबरोबर बसून जेवणं हाही उपचारच आहे.

मग करायचं काय?

थोडक्यात सांगते. पाणी पोटभर. जेवण वेळेवर. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, लिंबू. तळण कमी, तेल मोजून, आणि महिन्याला तेल बदलून. खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा-तारली, नाहीतर जवसाची ताजी चटणी. झोप वेळेवर.

आणि एक वही. आपण पैशाचा हिशेब ठेवतो, तसा दोन महिने डोक्याचा ठेवा. तारीख, डोकं कधी दुखलं, आधी काय खाल्लं, जेवण किती वाजता झालं, पाळी कधी आली, गोळी घेतली का. आपल्याला नेमकं काय बाधतं ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही, ही वही सांगेल. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या.

त्या वहीत गोळ्या मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळी 10 दिवस किंवा जास्त, अशी काही महिने घेतली, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. दुकानातून पट्टी आणून चालवत असाल, तर वही घेऊन आरोग्य केंद्रात जा.

काही डोकेदुखीत वही नको, चटणी नको, थेट दवाखाना गाठायचा. आयुष्यात कधी नव्हे असं अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं. ताप आणि मान ताठ. हात-पाय लुळा, बोबडी वळणं, दिसेनासं होणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज. हे रक्तदाबाचं असू शकतं, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्या वेळी आशाताईला फोन करा, 108 ला फोन करा, सासूबाईंची परवानगी मागाहून घ्या.

दोन हजार वर्षं लोक अर्ध्या डोक्याचं दुखणं लिहून ठेवत आले. त्यात रानात राबणाऱ्या, शेवटी जेवणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं फार थोडं आहे. ते पान आता आपल्या वहीत भरू या. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर ही वहीही घेऊन या, आपण मिळून वाचू.